आयरीन कॅसल

आयरीन कॅसल (जन्मनाव: आयरीन फूट; जन्म: १७ एप्रिल १८९३, न्यू रोशेल, न्यू यॉर्क; मृत्यू: २५ जानेवारी १९६९, युरेका स्प्रिंग्ज, आर्कान्सॉ) या अमेरिकन नर्तकी, मूकपटांतील अभिनेत्री आणि प्राणिकल्याणाच्या कार्यकर्त्या होत्या. पती व्हर्नन कॅसल यांच्यासह त्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काही वर्षांत जोडीने करावयाच्या आधुनिक नृत्याला अमेरिकेत व युरोपात प्रतिष्ठा मिळवून दिली. फॉक्सट्रॉट, टँगो, मॅशीश आणि स्वतःच्या नावाचे 'कॅसल वॉक' हे नृत्यप्रकार या दांपत्यामुळे घरोघरी पोहोचले.

स्त्रियांच्या आखूड केशरचनेच्या इतिहासातही त्यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९१४ च्या सुमारास त्यांनी आपले लांब केस कापून कानाखालपर्यंत ठेवले. ही रचना 'कॅसल बॉब' या नावाने ओळखली गेली. मराठीत ज्याला 'बॉबकट' म्हणतात, त्या केशरचनेचा अमेरिकेतील प्रसार होण्यास जी मोजकी व्यक्तिमत्त्वे कारणीभूत ठरली, त्यांत आयरीन कॅसल अग्रस्थानी मानल्या जातात.

प्रारंभिक जीवन

आयरीन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरानजीकच्या न्यू रोशेल या गावी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील ह्यूबर्ट टाउनसेंड फूट हे डॉक्टर होते. एलरॉय ही त्यांची बहीण. लहानपणापासून आयरीन यांना पोहण्याची, घोडेस्वारीची आणि नृत्याची आवड होती. घरात पाळीव प्राण्यांची वर्दळ असे. प्राण्यांविषयीची ही ओढ त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत टिकली. नृत्याचे प्राथमिक शिक्षण त्यांनी घेतले असले, तरी व्यावसायिक रंगभूमीची कोणतीही परंपरा त्यांच्यामागे नव्हती. डॉक्टरांच्या मुलीने रंगमंचावर जावे ही गोष्ट त्या काळच्या मध्यमवर्गीय समाजात सहजासहजी मान्य होणारी नव्हती.

व्हर्नन कॅसल यांच्याशी विवाह

व्हर्नन कॅसल यांचे मूळ नाव विल्यम व्हर्नन ब्लाइद. त्यांचा जन्म २ मे १८८७ रोजी इंग्लंडमधील नॉरिच येथे झाला. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते; परंतु १९०६ मध्ये आपली अभिनेत्री बहीण कोरली ब्लाइद हिच्याबरोबर न्यू यॉर्कला आल्यानंतर ते रंगभूमीकडे वळले. बहिणीच्या नावाशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी 'कॅसल' हे आडनाव घेतले. उंच, अत्यंत सडपातळ बांध्याचे व्हर्नन हे लू फील्ड्स यांच्या नाटक मंडळीत विनोदी भूमिका करीत.

१९१० मध्ये न्यू रोशेलच्या नौकानयन क्लबात पोहण्याच्या निमित्ताने दोघांची ओळख झाली. व्हर्नन यांच्या शब्दावर फील्ड्स यांनी आयरीन यांना छोट्या भूमिका दिल्या. परदेशी नटाशी मुलीचे लग्न लावून देण्यास डॉ. फूट आरंभी राजी नव्हते. अखेर त्यांचा विरोध मावळला आणि २८ मे १९११ रोजी विवाह पार पडला.

'द हेन-पेक्स' या नाटकात फील्ड्स आणि व्हर्नन यांचा न्हाव्याच्या दुकानातील एक विनोदी प्रवेश लोकप्रिय झाला होता. तोच प्रवेश पॅरिसमधील एका कार्यक्रमात सादर करण्यासाठी नवविवाहित दांपत्य फ्रान्सला गेले. पुढे जिच्या नावाने अमेरिकेतील हजारो मुली न्हाव्याच्या खुर्चीत बसणार होत्या, तिच्या कीर्तीचा प्रवास असा न्हाव्याच्याच प्रवेशापासून सुरू व्हावा, हा केवळ योगायोग होय.

पॅरिसमधील दिवस

पॅरिसमध्ये कार्यक्रमाची तालीम लांबत गेली आणि जवळचे पैसे संपले. या काळात कॅसल दांपत्यासोबत वॉल्टर ॲश हे कृष्णवर्णीय सेवक होते. फूट कुटुंबाशी त्यांचा पूर्वीपासून संबंध होता. हलाखीच्या त्या दिवसांत घरखर्चाची जुळवाजुळव करण्याचे काम बऱ्याच अंशी त्यांनीच केले.

नाटकाने फारसे यश दिले नाही. मात्र 'काफे द पारी' या उच्चभ्रू उपाहारगृहात नृत्य करण्याची संधी कॅसल दांपत्याला मिळाली. अमेरिकेत रॅगटाइम संगीतावर चालणारी नृत्ये पॅरिसकरांना अपरिचित होती. विशेष म्हणजे हे दोघे रंगमंचावरून अवतरत नसत. पाहुण्यांप्रमाणे टेबलाशी बसलेले असत आणि तेथूनच उठून नाचू लागत. नर्तकी आणि प्रेक्षक यांच्यामधील भिंत त्यामुळे नाहीशी झाली. आपणही असे नाचू शकतो, असे पाहणाऱ्याला वाटू लागले. त्यांच्या पुढील सर्व यशाचे मर्म येथेच आहे.

न्यू यॉर्कमधील यश

१९१२ मध्ये हे दांपत्य न्यू यॉर्कला परतले. साहित्य व नाट्यव्यवसायातील प्रभावी प्रतिनिधी एलिझाबेथ मार्बरी यांनी त्यांच्या व्यवसायाची सूत्रे हाती घेतली. डिसेंबर १९१३ मध्ये मॅनहॅटनमध्ये 'कॅसल हाउस' ही नृत्यशाळा सुरू झाली. श्रीमंत घरांतील स्त्री-पुरुष तेथे शिकवणीसाठी येत. पाठोपाठ 'सां सूसी' हा रात्रीचा क्लब आणि समुद्रकाठी 'कॅसल्स बाय द सी' हे नृत्यस्थळ उभे राहिले.

त्या काळी टँगोसारखी नृत्ये अश्लील असल्याची टीका धर्मोपदेशक व वृत्तपत्रे करीत होती. विवाहित, सुसंस्कृत आणि देखण्या कॅसल दांपत्याने ती टीका बोथट केली. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉडर्न डान्सिंग' या त्यांच्या सचित्र पुस्तकात खांदे हलवू नयेत, अंगविक्षेप व उड्या टाळाव्यात, जोडीदाराला फार जवळ ओढू नये, अशा सूचना दिल्या आहेत. मोजकी आणि सहजसुंदर हालचाल हे त्यांच्या नृत्याचे वैशिष्ट्य होते.

या यशात कृष्णवर्णीय संगीतकारांचा वाटा मोठा होता. संगीतनियोजक जेम्स रीझ युरोप यांचा वाद्यवृंद कॅसल दांपत्याच्या कार्यक्रमांत साथीला असे. वर्णभेद उघडपणे पाळला जात असतानाच्या काळात गोऱ्या नर्तकांनी कृष्णवर्णीय वादकांना सन्मानाने सोबत घेऊन दौरा करणे ही असामान्य गोष्ट होती. विश्रांतीच्या वेळी युरोप हे डब्ल्यू. सी. हँडी यांची 'मेम्फिस ब्लूज' ही रचना संथ लयीत वाजवीत आणि त्यावरूनच फॉक्सट्रॉटची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. कॅसल दांपत्याने लोकप्रिय केलेल्या अनेक पदन्यासांचे मूळ आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या नृत्यांत होते. ती नृत्ये गोऱ्या समाजाला रुचतील अशा सौम्य रूपात मांडली गेली आणि श्रेय मात्र मूळ नर्तकांपर्यंत क्वचितच पोहोचले, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

१९१४ च्या वसंतात खास आगगाडीने काढलेल्या दौऱ्यात त्यांनी एका महिन्याहून कमी काळात तीसहून अधिक शहरांत कार्यक्रम केले. ८ डिसेंबर १९१४ रोजी न्यू ॲम्स्टरडॅम नाट्यगृहात 'वॉच युवर स्टेप' हे संगीत नाटक रंगमंचावर आले. अर्व्हिंग बर्लिन यांनी संपूर्ण संगीत दिलेले हे ब्रॉडवेवरील पहिले नाटक होते आणि त्यात कॅसल दांपत्य प्रमुख आकर्षण होते.

वेशभूषा

आयरीन यांची शरीरयष्टी सडपातळ आणि काहीशी मुलासारखी होती. भरदार बांधा, घट्ट आवळलेली कंबर आणि डोक्यावर उंच रचलेला केशसंभार हा त्यापूर्वीच्या दशकातील सौंदर्याचा आदर्श होता. नृत्य करताना पाय मोकळे हवेत आणि श्वास कोंडू नये, या साध्या गरजेतून आयरीन यांनी जड कॉर्सेट टाळले व हलक्या, तरल कापडाचे घेरदार झगे स्वीकारले. त्यांच्यासाठी लंडनच्या प्रसिद्ध वेशभूषाकार लूसील (लेडी डफ गॉर्डन) यांनी अनेक पोशाख तयार केले. आयरीन जे घालतील ते काही आठवड्यांत दुकानांत दिसू लागे. पुढे १९२० च्या दशकात कॉर्टिचेली या रेशीम कंपनीने त्यांच्या नावाने तयार पोशाखांची मालिकाच बाजारात आणली.

कॅसल बॉब

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत प्रौढ स्त्रीचे केस लांब असणे हे गृहीतच धरले जाई. मुलगी वयात आली की मोकळ्या वेण्या जाऊन केस वर बांधले जात. हा बदल म्हणजे बालपण संपल्याची खूण होती. केस धुणे, वाळवणे, विंचरणे आणि आकड्यांनी बांधणे यात बराच वेळ जाई. केसांचा फुगवटा वाढविण्यासाठी आतून गंगावनासारखे भरावही घालीत.

आखूड केस लहान मुलींना चालत. परंतु मोठ्या स्त्रीने ते ठेवणे आजारपणाचे किंवा बंडखोरीचे लक्षण समजले जाई. तापात केस कापण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. इंग्रजीतील 'बॉब' हा शब्द आखूड छाटलेल्या वस्तूसाठी, विशेषतः घोड्याच्या कापलेल्या शेपटीसाठी वापरला जाई. केशरचनेचे नाव त्यावरून आले.

केस कापण्याची घटना

१९१४ च्या सुमारास आयरीन यांना आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अंथरुणावर पडून असताना लांब केसांची निगा कोण राखणार, हा अगदी व्यावहारिक प्रश्न त्यांच्यापुढे होता. रुग्णालयात जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच केस कापून टाकले. त्यामागे कोणतीही चळवळ वा घोषणा नव्हती.

बरे वाटल्यावर त्यांनी आरंभी डोक्याला घट्ट फेट्यासारखे वस्त्र गुंडाळून केस झाकले. नंतर एकदा भोजनाच्या निमंत्रणाला जाताना त्यांनी डोके उघडे ठेवले आणि आखूड केस चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून बारीक मोत्यांचा एक चपटा सर कपाळाभोवती बांधला. या सरालाही पुढे 'कॅसल बँड' असे नाव मिळाले. काही दिवसांतच न्यू यॉर्कमध्ये अनेक स्त्रिया तशाच कापलेल्या केसांवर तशीच पट्टी बांधून दिसू लागल्या.

रचना आणि निगा

कॅसल बॉब ही पुढे गाजलेल्या बॉबकटापेक्षा वेगळी व सौम्य रचना होती. तिची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

• लांबी: केस कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या रेषेपर्यंत असत. मानेवरचे केस बारीक छाटलेले नसत.

• कपाळ: कपाळावर सरळ कापलेली झालर नसे. केस बाजूला किंवा मागे वळवलेले असत.

• पोत: आयरीन यांच्या केसांना नैसर्गिक लाटा होत्या. कापल्यामुळे केसांचे ओझे कमी झाले आणि लाटा अधिक खुलल्या.

• बांधणी: आकड्यांऐवजी एकच पट्टी पुरेशी होई. दिवसा साधी फीत, रात्रीच्या समारंभात मोत्यांचा सर किंवा जरीची पट्टी असा फरक केला जाई.

ही रचना आयरीन यांना शोभली यामागे काही कारणे होती. त्यांची मान लांब व जबड्याची रेषा रेखीव होती. केसांचा शेवट हनुवटीच्या जवळ आल्याने पाहणाऱ्याचे लक्ष याच दोन गोष्टींकडे जाई. नृत्यात गिरकी घेताना केस मोकळेपणे हलत आणि पुन्हा जागेवर बसत. ज्यांचे केस अगदी सरळ होते, त्यांना तोच परिणाम साधण्यासाठी तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडाव्या लागत. फ्रेंच केशरचनाकार मार्सेल ग्रातो यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बॉबकटाच्या काळात अतिशय लोकप्रिय झाली. कापलेल्या केसांना रोज बांधण्याचे श्रम लागत नसले, तरी आकार टिकविण्यासाठी ते वरचेवर कापून घ्यावे लागत. निगेचा वेळ वाचला, पण केशकर्तनालयाच्या फेऱ्या वाढल्या.

आद्यत्वाचा प्रश्न

आयरीन कॅसल यांनी बॉबकटाचा शोध लावला, असे अनेकदा लिहिले जाते. ते अचूक नाही. पॅरिसमध्ये पोलिश वंशाचे केशरचनाकार आंत्वान यांनी १९०९ मध्ये अभिनेत्री एव्ह लाव्हालियेर हिचे केस आखूड कापल्याचे सांगितले जाते. फ्रेंच गायिका पोलेर हीदेखील आखूड केसांसाठी प्रसिद्ध होती. कलावंत आणि विचारवंत स्त्रियांच्या लहानशा वर्तुळात अशी रचना तुरळक दिसत होती. स्वतः आयरीन यांनीही आपण पहिल्या असल्याचा दावा केला नाही. त्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ही रचना वर्तुळाबाहेर आणली. त्या विवाहित होत्या, प्रतिष्ठित घरांत शिक्षिका म्हणून त्यांचे स्वागत होई आणि त्यांची छायाचित्रे देशभरच्या मासिकांत छापली जात. त्यांच्या डोक्यावरचे आखूड केस पाहून आईवडिलांना मुलीला नकार देणे अवघड जाऊ लागले.

प्रसार आणि विरोध

युद्धकाळात कारखान्यांत व रुग्णालयांत काम करणाऱ्या स्त्रियांना लांब केस गैरसोयीचे, यंत्रांजवळ तर धोक्याचे ठरले. त्यामुळे बॉबकटाला उपयुक्ततेचे बळ मिळाले. युद्धानंतर मात्र ही रचना पिढ्यांमधील संघर्षाचा विषय बनली. स्त्रीचे लांब केस ही तिची शोभा होय, या अर्थाच्या बायबलमधील वचनाचा आधार धर्मोपदेशक घेत. काही मालकांनी आखूड केसांच्या मुलींना कामावर ठेवण्यास नकार दिला. केस कापल्यावरून घरांत भांडणे होत. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची १९२० मधील 'बर्निस बॉब्ज हर हेअर' ही कथा याच वातावरणाचे चित्रण करते.

व्यवसायातही उलथापालथ झाली. स्त्रियांच्या केशरचनाकारांना लांब केस रचण्याचे शिक्षण असे. कापण्याची कला त्यांना पुरेशी अवगत नव्हती. परिणामी तरुणी पुरुषांच्या न्हाव्याकडे जाऊ लागल्या आणि पुरुषांचा राखीव कट्टा असलेली ती दुकाने स्त्रियांनी गजबजली. काही काळाने कापण्यात तरबेज झालेली स्त्रियांची स्वतंत्र केशकर्तनालये मोठ्या प्रमाणावर उघडली. लांब आकड्यांचा खप घटला आणि कापलेले केस घट्ट धरणारी चपटी 'बॉबी पिन' प्रचारात आली. घंटेच्या आकाराच्या 'क्लोश' टोपीची आणि आखूड केसांची जोडी जमली.

१९२३ मधील 'फ्लेमिंग यूथ' या चित्रपटातील कॉलीन मूर आणि पाठोपाठ लुईझ ब्रुक्स यांनी कपाळावर झालर असलेला सरळ, काटेकोर बॉबकट लोकप्रिय केला. मानेवर बारीक होत जाणारा 'शिंगल' आणि पुरुषी वळणाचा 'ईटन क्रॉप' हे त्यानंतरचे टप्पे होत.

कॅसल यांचे मत

'लेडीज होम जर्नल' या मासिकाच्या ऑक्टोबर १९२१ च्या अंकात आयरीन यांनी केस कापण्याच्या आपल्या अनुभवावर लेख लिहिला. आखूड केसांमुळे मोडलेल्या लग्नांचा व घरोघरीच्या कलहांचा दोष आपल्याला दिला जातो, याची त्यांना कल्पना होती आणि त्यावर त्यांनी हलक्या सुरात भाष्य केले. आखूड केसांची सोय त्यांनी मान्य केली. मात्र ही रचना सर्वांनाच शोभते असे त्यांनी म्हटले नाही. पांढरे केस झालेल्या, प्रौढ वयाच्या स्त्रियांना ती फारशी खुलत नाही, असे त्यांचे मत होते. प्रथेच्या बळावर लांब केस ठेवणे जसे त्यांना पटले नाही, तसेच केवळ चाल आहे म्हणून ते कापणेही त्यांना मान्य नव्हते, असा निष्कर्ष या लेखावरून काढता येतो.

महायुद्ध आणि व्हर्नन यांचा मृत्यू

१९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले. व्हर्नन ब्रिटिश नागरिक होते. कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी नृत्य थांबवून विमानचालनाचे शिक्षण घेतले आणि १९१६ मध्ये ते ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. फ्रान्समधील आघाडीवर त्यांनी अनेक उड्डाणे केली आणि शत्रूची दोन विमाने पाडली. फ्रान्सने त्यांना 'क्रुआ द गेअर' हे शौर्यपदक दिले.

१९१७ मध्ये वैमानिकांना शिकविण्यासाठी त्यांची प्रथम कॅनडात व नंतर टेक्सासमधील फोर्ट वर्थनजीक नेमणूक झाली. पूर्वीच्या एका अपघातात पुढच्या आसनावरील शिकाऊ वैमानिक दगावला होता. तेव्हापासून व्हर्नन ती अधिक धोक्याची जागा स्वतः घेत. १५ फेब्रुवारी १९१८ रोजी बेनब्रुक येथे समोर आलेल्या दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळण्यासाठी त्यांनी विमान एकदम वर वळविले. विमानाचा वेग खुंटला आणि ते कोसळले. मागे बसलेला शिकाऊ वैमानिक वाचला. व्हर्नन मात्र मृत्यू पावले. त्यांचे वय तेव्हा ३० वर्षे होते. न्यू यॉर्कमधील वुडलॉन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तेथे शिल्पकार सॅली जेम्स फार्नम यांनी घडविलेले, थकून वाकलेल्या नर्तकीचे शिल्प आहे.

पुढच्याच वर्षी जेम्स रीझ युरोप हेही गेले. महायुद्धावरून परतल्यावर मे १९१९ मध्ये बोस्टन येथे त्यांच्याच वाद्यवृंदातील एका वादकाने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यात त्यांचा अंत झाला. ज्या त्रयीने अमेरिकेला नव्या लयीवर नाचायला शिकवले, तिच्यापैकी वयाच्या सव्विसाव्या वर्षी आयरीन एकट्या उरल्या. त्याच वर्षी त्यांनी 'माय हजबंड' हे व्हर्नन यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

चित्रपट कारकीर्द

कॅसल दांपत्याने १९१५ मध्ये 'द व्हर्ल ऑफ लाइफ' या मूकपटात स्वतःच्याच जीवनावर बेतलेल्या भूमिका केल्या होत्या. व्हर्नन युद्धावर असताना आयरीन यांनी १९१७ मध्ये 'पॅट्रिया' या मालिकापटात नायिकेची भूमिका केली. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या पाठबळाने निघालेल्या या चित्रपटात जपान व मेक्सिको यांना शत्रू म्हणून रंगविले होते. जपान तेव्हा मित्रराष्ट्रांच्या बाजूने असल्याने अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी हरकत घेतली आणि चित्रपटात बदल करावे लागले. त्यानंतर १९२२ पर्यंत त्यांनी अनेक मूकपटांत कामे केली. तथापि पडद्यावर त्यांना नृत्याइतके यश लाभले नाही. व्हर्ननसारखा जोडीदारही त्यांना पुन्हा मिळाला नाही.

पुढील कौटुंबिक जीवन

१९१९ मध्ये आयरीन यांनी इथाका येथील रॉबर्ट ट्रीमन यांच्याशी विवाह केला. हा विवाह १९२३ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी शिकागोचे उद्योजक मेजर फ्रेडरिक मॅकलॉक्लिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना बार्बरा व विल्यम ही दोन अपत्ये झाली.

१९२६ मध्ये मॅकलॉक्लिन यांनी शिकागोत आइस हॉकीचा संघ स्थापन केला आणि युद्धकाळातील आपल्या सैन्यविभागाच्या नावावरून त्याला 'ब्लॅक हॉक्स' हे नाव दिले. या संघाचे मूळ बोधचिन्ह आयरीन यांनी रेखाटले होते. मूळनिवासी अमेरिकन व्यक्तीच्या मस्तकाचे हे चिन्ह काही बदलांसह आजही वापरात आहे. मूळनिवासी समाजाच्या प्रतिमेचा असा वापर योग्य आहे काय, याविषयी अलीकडच्या काळात वादही झाले आहेत.

मॅकलॉक्लिन यांचे १९४४ मध्ये निधन झाले. १९४६ मध्ये आयरीन यांनी जाहिरात व्यवसायातील जॉर्ज एन्झिंगर यांच्याशी चौथा विवाह केला. एन्झिंगर १९५९ मध्ये वारले.

प्राणिकल्याणाचे कार्य

१९२८ मध्ये आयरीन यांनी इलिनॉय राज्यात डीअरफील्डनजीक 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' हे बेवारस कुत्र्या-मांजरांसाठीचे आश्रयस्थान स्थापन केले. हे आश्रयस्थान त्यांच्या मृत्यूनंतरही सुरू राहिले. प्राण्यांवरील प्रयोगांना त्यांनी सातत्याने जाहीर विरोध केला. त्यासाठी सभा, समारंभ आणि निधिसंकलन यांत त्यांनी आपली जुनी कीर्ती कामी आणली. नृत्य हे आनंदाचे व उपजीविकेचे साधन होते, परंतु आपले खरे काम हेच होय, अशी त्यांची भावना होती. नर्तकी म्हणून नव्हे, तर या कार्यासाठी आपली आठवण राहावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती.

जीवनावरील चित्रपट

१९३९ मध्ये आरकेओ कंपनीने 'द स्टोरी ऑफ व्हर्नन अँड आयरीन कॅसल' हा चित्रपट काढला. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांनी प्रमुख भूमिका केल्या. आयरीन या चित्रपटाच्या सल्लागार होत्या आणि पोशाख आपल्या मूळ पोशाखांबरहुकूम असावेत, असा त्यांचा आग्रह होता. रॉजर्स यांची केशरचना हा वादाचा मोठा मुद्दा ठरला. ज्या आखूड केसांनी आयरीन यांची ओळख घडविली होती, ते पडद्यावर त्यांच्या मनाजोगे उतरले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. कृष्णवर्णीय वॉल्टर ॲश यांच्या जागी चित्रपटात गोऱ्या नटाला घेतले गेले. जेम्स रीझ युरोप यांनाही त्यांचे योग्य स्थान मिळाले नाही. तत्कालीन हॉलिवूडने कॅसल दांपत्याच्या कथेतील सर्वांत धाडसी बाजूच अशा रीतीने वगळली.

अखेरचे दिवस

आयुष्याच्या उत्तरार्धात आयरीन आर्कान्सॉ राज्यातील युरेका स्प्रिंग्ज येथील शेतावर राहावयास गेल्या. १९५८ मध्ये त्यांचे 'कॅसल्स इन द एअर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २५ जानेवारी १९६९ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वुडलॉन दफनभूमीत व्हर्नन यांच्याशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

आयरीन कॅसल यांची प्रत्यक्ष नृत्यकारकीर्द अल्पकालीन होती. व्हर्नन यांच्यासह त्या अवघी चार-पाच वर्षे नाचल्या. तरीही विसाव्या शतकातील जोडीनृत्याचा पाया या काळात घातला गेला. अस्टेअर यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या नर्तकांनी त्यांचे ऋण मान्य केले. ब्रिटिश छायाचित्रकार व वेशभूषाकार सेसिल बीटन यांनी आपल्या लेखनात आधुनिक स्त्रीच्या घडणीत त्यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे.

केशरचनेच्या संदर्भात त्यांचे महत्त्व असे, की आखूड केस हा रोगाचा किंवा बंडाचा भाग न राहता निवडीचा भाग झाला. त्यांनी केस कापले ते आपल्या सोयीसाठी आणि तसेच राहू दिले ते आपल्या आवडीने. त्यानंतरच्या शतकात बॉबकटाची लांबी, झालर आणि वळण वारंवार बदलले. परंतु आपल्या केसांविषयीचा निर्णय स्त्रीने स्वतः घ्यावा, ही गोष्ट हळूहळू सर्वमान्य होत गेली.

निवडक चित्रपट

• द व्हर्ल ऑफ लाइफ (१९१५)
• पॅट्रिया (१९१७)
• स्लिम शोल्डर्स (१९२२)
• नो ट्रेसपासिंग (१९२२)

पुस्तके

• मॉडर्न डान्सिंग (१९१४, व्हर्नन कॅसल यांच्यासह)
• माय हजबंड (१९१९)
• कॅसल्स इन द एअर (१९५८)